घंटा वाजलीच नव्हती

आमचे धाकटे भाऊजी घरात आहेत की नाहीत, हे हाक मारल्याशिवाय कळत नसे. मागच्या खोलीत ते बसलेले असत, दार उघडं असे, दिवाही लागलेला असे, तरी खोली रिकामी वाटे. हाक मारली की "आहे, वहिनी" एवढं उत्तर येई आणि पुन्हा सगळं शांत. यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दोघांच्या वाटचं बोलायची सवय होती, त्यामुळे भावाचं गप्प राहणं कोणाला खटकलं नाही. हे गेले, घरात आम्ही दोघंच उरलो, आणि मग ती शांतता मला ऐकू यायला लागली.

भाऊजींनी लग्न केलं नाही. एक स्थळ आलं होतं, पण मुलीच्या वडिलांनी तासभर प्रश्न विचारून शेवटी यांना बाजूला घेतलं आणि म्हणाले, "मुलगा चांगला आहे, पण याला वाचा आहे ना?" हे हसत हसत ती गोष्ट सगळ्यांना सांगत. भाऊजीही हसत. त्यानंतर त्यांनी तो विषय कोणाला काढू दिला नाही.

ते एका मोठ्या रुग्णालयात नेटवर्कचं काम बघत. रुग्णालयात जेवढे संगणक होते, छायाचित्रं काढणारी यंत्रं होती, औषधांच्या खिडकीवरचे छपाईचे डबे होते, ती सगळी एकमेकांशी वायरींनी जोडलेली होती, आणि त्या वायरींचे धनी भाऊजी. शिडी लावून छतातल्या पाट्या सरकवायच्या आणि आत डोकं घालून वायर ओढायची, हे त्यांचं रोजचं काम. संध्याकाळी घरी येत ते केसांत पांढरी धूळ घेऊन. मी दारातच फडकं द्यायची. रुग्णालयात त्यांना सगळे तारमास्तर म्हणत.

एकदा दुपारी मी मटार सोलत बसले होते. ते समोर बसून दुरुस्तीला आणलेली एक पत्र्याची पेटी उघडत होते. माझ्या शिवणाच्या डब्याएवढी ती पेटी, पुढे चौकोनी भोकांची रांग. सहज विचारलं, "भाऊजी, तुम्ही दिवसभर करता तरी काय?"

"याची देखभाल," ते म्हणाले. "याला स्विच म्हणतात. दिव्याचा नव्हे."

"मग कशाचा?"

त्या दिवशी कसं कोण जाणे, ते बोलले. इतकं सलग बोलताना मी त्यांना क्वचितच ऐकलं.

"समजा हा एक दारवान आहे. याच्यासमोर दारांची रांग. कुठल्या दारामागे कोण राहतं ते याला कोणी सांगत नाही. सकाळी कामावर येतो तेव्हा डोकं कोरं."

"मग चालतं कसं?"

"लक्ष ठेवतो. तिसऱ्या दारातून एक चिठ्ठी बाहेर आली. चिठ्ठीवर दोन पत्ते असतात, कोणाकडून आणि कोणाला. हा आधी कोणाकडून ते वाचतो आणि मनात म्हणतो, अच्छा, ही बाई तिसऱ्या दारामागे राहते. मग कोणाला ते बघतो. त्याचं दार माहीत असेल तर चिठ्ठी नेमकी तिथे देतो. दुसऱ्या कोणाला पत्ता लागत नाही."

"आणि माहीत नसेल तर?"

"तर जिथून आली ते दार सोडून बाकी सगळ्या दारांवर टाकतो. ज्याची असेल तो घेतो, बाकीचे फेकून देतात. त्याने कधी उत्तर दिलं की त्याचंही दार कळलं. पुढच्या खेपेला गावभर बोंब मारायला नको."

आमच्या कॉन्व्हेंट शाळेच्या फाटकावर एक म्हाताऱ्या नन बसत. मुलींची नावं त्यांनी अशीच पाठ केली होती, कुठल्या खिडकीतून कोणाचं ओरडणं येतं त्यावरून. मी ते सांगितल्यावर भाऊजी म्हणाले, "अगदी तसंच."

"हुशार आहे तुमचा दारवान."

"हुशार कसला. शिकतो आणि विसरतो. पाच मिनिटं एखादा बोललाच नाही, तर त्याचं नाव पुसून टाकतो."

"एवढ्यात?"

"यंत्रं जागा बदलतात ना. इथली उचलून तिथे ठेवतात. जुन्याच दारावर चिठ्ठ्या टाकत बसण्यापेक्षा विसरलेलं बरं."

"म्हणजे तुम्ही याच्यासमोर राहायला गेलात तर दिवसातून कितीदा विसरेल तो तुम्हाला."

भाऊजींनी स्क्रू फिरवता फिरवता मान हलवली. "मला तो आधी शिकेल तर ना, वहिनी."

त्यांना मित्र असा एकच, आणि तो बडबड्या. रुग्णालयाच्या तळघरात प्राणवायूच्या सिलिंडरांची खोली होती, तिथला हमाल. अंगाने काडी, म्हणून सगळे त्यांना पैलवान म्हणत. "सिलिंडर मला ढकलतो, मी फक्त दिशा दाखवतो," असं ते स्वतःच सांगत. वर्षानुवर्षं लोखंडावर लोखंड आपटल्याचे आवाज ऐकून त्यांचा डावा कान मंद झाला होता. कोणी डावीकडून बोललं की ते पूर्ण वळून उभे राहत, फोटोला उभं राहावं तसे. लोक त्यावरून टिंगल करत. त्यांनाही त्याचं काही वाटत नसे.

त्यांच्या खोलीत भिंतीवर भाऊजींनी एक घंटेची पेटी बसवली होती. वॉर्डात सिलिंडर लागला की सिस्टर संगणकावर एक बटण दाबायची, आणि खाली तळघरात घंटा वाजायची. त्या आधी कोणीतरी जिने उतरून पळत यायचं. ही पेटी आल्यावर पैलवान म्हणाले होते, "मास्तर, आता मला बायको आणि घंटा अशा दोघींचं ऐकावं लागणार." दुपारचा चहा दोघं त्या खोलीतच घेत. एक बोलायचा, एक ऐकायचा. रविवारी पैलवान आमच्याकडे येत, कधी बायकोला घेऊन. ती माझ्या कानाशी लागून म्हणायची, "घरी तोंडातून शब्द नाही हो. इथे आले की रेडिओ."

ज्या दिवसाबद्दल मला सांगायचं आहे, त्या दिवशी सकाळपासून रुग्णालयात तक्रारी चालल्या होत्या. संगणक रखडतात, छायाचित्रं उघडत नाहीत. भाऊजींनी शोधलं तेव्हा दिसलं की स्विच नको तेवढ्या चिठ्ठ्या सगळ्या दारांवर टाकत आहेत, आणि त्या गर्दीत कामाच्या चिठ्ठ्या अडकत आहेत. त्यांनी दुपारी एक नियम घालून दिला. ज्याचं दार माहीत नाही त्याची चिठ्ठी सगळीकडे टाकायची नाही. सोडून द्यायची.

रखडणं थांबलं. त्यांनी एकेक यंत्र तपासलं. तळघरात जाऊन घंटेच्या पेटीची वायर काढून पुन्हा लावली, आपल्या मोबाइलवरून वॉर्डात फोन केला, सिस्टरने बटण दाबलं आणि घंटा वाजली.

"वाजली हो, मास्तर," पैलवान म्हणाले. "बहिरा नाही मी."

भाऊजी निर्धास्त होऊन घरी आले. लवकरच आले होते. मी चहा टाकला.

चूक कुठे झाली ते मला त्यांनी नंतर इतक्या वेळा सांगितलं की आता मी झोपेतसुद्धा सांगू शकेन. ती घंटेची पेटी फक्त ऐकणारी होती. तिला उत्तर द्यायचं कारणच नव्हतं. वायर लावली की एकदा स्वतःचं नाव सांगायची, मग गप्प. वॉर्डातल्या संगणकात तिचा पत्ता कायमचा लिहून ठेवलेला होता, त्यामुळे तोही तिला काही विचारत नसे. आजवर काय होत होतं, तर स्विच तिला पाच मिनिटांत विसरायचा, पण सिस्टरने बटण दाबलं की तो सगळ्या दारांवर चिठ्ठी टाकायचा, आणि त्यात तिलाही ती मिळायची. इतकी वर्षं घंटा वाजत होती ती स्विचला तिचं दार माहीत होतं म्हणून नव्हे. त्याला माहीत नव्हतं, तो सगळीकडे हाक मारत होता, म्हणून. भाऊजींनी ती हाक बंद केली. आणि तपासून पाहिलं ते नेमकं वायर लावल्या लावल्या, पेटीने नाव सांगितलेलं असताना, स्विच तिला विसरायच्या आत.

संध्याकाळी भेटीच्या वेळेला वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या घड्याळजींना धाप लागली. खाटेजवळचा सिलिंडर संपत आला होता. सिस्टरने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. थोडी थांबली, पुन्हा दाबलं. तळघरात फोन नव्हता, मग तिने आयाला खाली पिटाळलं. लिफ्ट भेटायला आलेल्या माणसांनी भरलेली, जिन्यावर पिशव्या घेतलेल्या बायका. आया तळघरात पोहोचली तेव्हा पैलवान स्टुलावर बसून पेपर वाचत होते.

"अहो, घंटा ऐकू येत नाही का?" ती दारातून ओरडली.

त्यांनी सिलिंडर आणला. तो काही कामाला आला नाही.

आमच्याकडे फोन आला की घंटा एकदा बघून जा. भाऊजी एका पायात बूट घालून दाराशी उभे राहिले, दुसरा बूट हातात. म्हणाले, "वहिनी, ती पेटी बोलतच नाही."

मला काही समजलं नाही. ते गेले तो बूट हातात घेऊनच. जिन्यात घातला असेल.

जाऊन त्यांनी आधी वरच्या वायरींच्या खोलीत तो नियम काढून टाकला. काढायलाच हवा होता, वर आणखी वॉर्ड होते, आणखी माणसं श्वास घेत होती. मग खाली आले. वरून सिस्टरने बटण दाबलं, आणि सगळ्यांसमोर घंटा खणखणीत वाजली. तळघरात तेव्हा बरीच माणसं जमली होती. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की घंटा वाजते आहे. सगळ्यांनी पैलवानांकडे बघितलं.

भाऊजींनी तिथल्या तिथे सांगितलं की चूक माझी आहे. कोणी ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हतं.

पुढे चौकशी बसली. तीन जण होते. अधीक्षक बाई, एक डॉक्टर, आणि बाहेरून बोलावलेले एक इंजिनिअर. भाऊजींना वाटत होतं की इंजिनिअर आहेत म्हणजे समजेल. त्यांना समजलंही. पहिल्या सांगण्यातच समजलं.

"नियम घातलात कधी?" त्यांनी विचारलं.

"दुपारी."

"त्याची कुठे नोंद?"

"अशा बारीक बदलांची नोंद राहत नाही आमच्याकडे."

"कोणी पाहिलं?"

"नाही. मी एकटाच असतो तिथे."

"आणि काढलात कधी?"

"संध्याकाळी. आल्या आल्या."

"म्हणजे घातलात तुम्ही, काढलात तुम्ही, आणि पाहणारेही तुम्हीच."

"हो. पुन्हा घालून दाखवतो. पाच मिनिटं थांबा फक्त."

अधीक्षक बाई म्हणाल्या, "वर रुग्ण आहेत, मास्तर. इथे असे प्रयोग करता येत नाहीत."

इंजिनिअर म्हणाले, "आणि दाखवलंत तरी असं होऊ शकतं एवढंच ठरेल. त्या संध्याकाळी तेच झालं, असं नाही ठरत."

"स्विचला विचारावं तर तो सांगू शकत नाही," भाऊजी म्हणाले. "काय विसरलो ते त्याच्याकडे नसतं."

मग बाईंनी चष्मा काढून ठेवला आणि अगदी आपुलकीने म्हणाल्या, "तुमची दोघांची मैत्री आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या जागी मीही कदाचित असंच केलं असतं."

भाऊजींनी मला हे सांगितलं तेव्हा ते मागच्या खोलीत खाटेच्या कडेवर बसले होते. म्हणाले, "वहिनी, त्यांना वाटतं मी चांगला माणूस आहे. त्याला काय करू?"

पैलवानांचे कान तपासले. डावा मंद होताच, उजवाही थोडा निघाला. त्यांना कामावरून कमी केलं. भाऊजींनी तत्परतेने येऊन घंटा तपासली म्हणून निकालात त्यांचं नाव चांगल्या शब्दांत होतं. तो कागद त्यांनी घरी आणला नाही.

नोकरी सोडायचं त्यांच्या मनात होतं. मग म्हणाले, "मी गेलो तर त्या पेटीकडे कोण बघणार?" त्यांनी एक छोटीशी सोय केली. वॉर्डातला संगणक दर थोड्या वेळाने पेटीला विचारी, आहेस का? पेटी उत्तर देई, आहे. त्या एका उत्तराने स्विचला तिचं दार आठवणीत राही. इतकंच लागत होतं. आधी सुचायला हवं होतं, असं ते जेवताना मध्येच म्हणत, आणि घास तसाच हातात राही.

मग एक दिवस म्हणाले, "पैलवानाकडे जाऊन येऊ या का? तुम्ही चला. मला नीट बोलता येणार नाही."

पैलवान सायकलच्या दुकानावर दोन खोल्यांत राहत. जिन्यातच रेडिओ ऐकू आला. बायकोने दार उघडलं आणि म्हणाली, "या. खालचा सायकलवाला आमच्याच रेडिओवर बातम्या ऐकतो आता, त्याने स्वतःचा विकून टाकलाय." हसायला म्हणून बोलली, पण तिचे डोळे सुजलेले होते.

पैलवान दाराकडे तोंड करून खुर्चीवर बसले होते. ते असेच बसतात, तिने मला सांगितलं. दार वाजलं आणि ऐकू आलं नाही तर, म्हणून. बाहेर जाणं बंदच केलं होतं.

भाऊजींनी रेडिओ बंद केला. "घंटा वाजली नव्हती," ते म्हणाले.

"मास्तर, तुम्ही माझ्यासाठी तिथे खोटं बोललात. हे उपकार मी विसरणार नाही."

"खोटं नाही बोललो."

"मी पेपर वाचत होतो. वाचताना माणसाचं लक्ष नसतं."

"पैलवान, ती वाजली नव्हती. मी दुपारी..."

"वाजली असणार. डॉक्टरांनी कानात यंत्र घालून पाहिलंय." मग हळूच म्हणाले, "आता तर मला रोज ऐकू येते. जेवताना येते, न्हाणीघरात येते. उठून उभा राहतो मी. हिला विचारा."

बायको मान खाली घालून पदराचं टोक मुडपत बसली होती. भाऊजींनी पुन्हा सगळं समजावून सांगितलं. दारवान, दारं, चिठ्ठ्या. पैलवान ऐकत होते, उजवा कान पुढे करून. सगळं झाल्यावर म्हणाले, "तुम्ही फार चांगले आहात."

परत येताना फाटकाशी आल्यावर भाऊजी म्हणाले, "त्या घड्याळजींना मी मारलं की नाही, ते मला माहीत नाही. डॉक्टर म्हणतात तसेही गेले असते. पण याला तर मी जिवंतपणी खुर्चीत बसवलंय." त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचत नसे. पैलवानांना पटलं पाहिजे, बस. नोकरी परत मिळणार नव्हती हे त्यांनाही कळत होतं. पण घंटा वाजली नव्हती हे त्या माणसाला पटलं पाहिजे.

बरेच महिने गेले. रुग्णालयात नवी यंत्रं आली आणि जुनी भंगारात निघाली. भाऊजींनी भंगारवाल्याकडून एक स्विच आणि ती घंटेची पेटी सोडवून आणली. तीच पेटी. तिच्या कोपऱ्याला एक पोचा होता, कधीतरी सिलिंडर लागून पडलेला.

रविवारी दुपारी त्यांनी जेवणाच्या टेबलावरचं कापड काढायला लावलं. एका टोकाला आपला जुना संगणक, मधे स्विच, दुसऱ्या टोकाला पेटी. पैलवान आणि त्यांची बायको आली. तिने कसं उठवून आणलं तिलाच ठाऊक. पैलवानांनी पेटी बघितली, पोच्यावर बोट फिरवलं, आणि लांबच्या खुर्चीवर जाऊन बसले.

"तो नियम मी यात घातलाय," भाऊजी म्हणाले. "आता पेटी जोडतो. जोडली की एकदाच नाव सांगते."

त्यांनी वायर लावली आणि बटण दाबलं. घंटा वाजली. आमच्या छोट्या खोलीत ती फार मोठी वाटली. पैलवान ताडकन उठून उभे राहिले, एक पाऊल पुढेही टाकलं.

"बसा," भाऊजी म्हणाले. "आता चहा घेऊ."

मी चहा आणला. बशीवर कप ठेवल्याचा आवाज तेवढा होत होता. पैलवानांनी उजवा कान पेटीकडे केला होता आणि चहा तसाच धरला होता. भाऊजी स्विचच्या दिव्यांकडे बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "वहिनी, आता तुम्ही दाबा. मी दाबलं तर त्यांना वाटेल मी काही केलं."

मी दाबलं.

काही झालं नाही. पैलवानांनी पेटीकडे पाहिलंच नाही. ते बायकोच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"वाजली?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही वाजली हो. शप्पथ."

ते उठले, टेबलाजवळ आले आणि त्यांनी पेटीवर तळहात दाबून ठेवला. घंटा वाजली की ती थरथरते हे त्यांना जितकं ठाऊक होतं तितकं कोणाला ठाऊक असणार. मला म्हणाले, "दाबा, बाई."

मी दाबलं.

"पुन्हा दाबा."

मी पुन्हा दाबलं. आणखी एकदा. त्यांचा हात हलला नाही. मग त्यांनी तो उचलला आणि जणू दुसऱ्या कोणाचा तरी असावा तसा बघितला.

"म्हणजे वर सिस्टर दाबत होत्या," ते म्हणाले, "आणि खाली मी बसलो होतो. आणि मधे कोणीच नव्हतं."

"मधे मी होतो," भाऊजी म्हणाले.

मला वाटलं होतं की माणूस रडेल, मोकळा होईल. पैलवान बराच वेळ भाऊजींकडे बघत राहिले. डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत असावी. शेवटी बायकोला म्हणाले, "चल." जाताना त्यांनी भाऊजींकडे वळून पाहिलं नाही. त्यांचा चहा कपात तसाच राहिला होता.

भाऊजींनी वायरी सोडवल्या, गुंडाळल्या. म्हणाले, "पटलं त्यांना."

"हो."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि मागच्या खोलीत गेले.

त्यानंतर पैलवान आमच्याकडे यायचे थांबले. त्यांची बायको बाजारात भेटली की दुरून हात करायची. एकदा थांबून तिने सांगितलं की रेडिओ आता लहान आवाजात असतो, घंटा ऐकू येत नाही, आणि खाली सायकलच्या दुकानात ते पंक्चर काढायला बसतात. "तुमच्या भाऊजींचं नाव मात्र काढू देत नाहीत," ती म्हणाली. मी ते घरी सांगितलं. भाऊजींनी पहिला भाग पुन्हा सांगायला लावला. दुसरा भाग ऐकला आणि मान डोलावली.

रविवारी दुपारी ते दोन कप काढून ठेवत. बरीच वर्षं काढत होते. मग एक काढू लागले.

निवृत्त झाल्यावर त्यांच्या छातीने दगा दिला. डॉक्टर म्हणाले, छतांतली ती धूळ. चार पावलं चाललं की दम लागे. शेवटी शेवटी घरातच प्राणवायूचा सिलिंडर ठेवावा लागला. दुकानदाराचा माणूस तो फाटकाशी उतरवून गेला आणि मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. माझ्याने तो जागचा हलणारही नव्हता. बाजारात पैलवानांच्या बायकोशी मी एवढंच बोलले की घरी सिलिंडर आलाय आणि तो फाटकाशी उभा आहे.

तासाभरात पैलवान आले. पार म्हातारे झाले होते. मला काही विचारलं नाही. सिलिंडर तिरका केला, कडेवर फिरवत फिरवत मागच्या खोलीत नेला, नळी जोडली, चावी फिरवून कान लावून बघितलं, मग कानावर भरवसा नसल्यासारखा गाल लावून बघितलं.

भाऊजी खाटेवरून म्हणाले, "पैलवान."

"बोलू नका," पैलवान म्हणाले. "दम लागेल."

त्यानंतर ते रोज येऊ लागले. भाऊजींजवळ बसत नसत, मधल्या खोलीत दाराआड बसत. त्या दोघांमधलं जे मोडलं होतं ते जुळलं असं मी म्हणणार नाही. पूर्वीसारखी बडबड कधी ऐकली नाही. पण थोड्या थोड्या वेळाने पैलवान तिथूनच हाक मारत, "मास्तर?"

आतून येई, "आहे."

पुन्हा शांत. मी स्वयंपाकघरात काम करताना ते ऐकत असे. एक हाक, एक उत्तर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातलं काम थांबलं होतं. पैलवानांना ती युक्ती कोणी शिकवली, की ती त्यांची त्यांनाच सुचली, ते मी कधी विचारलं नाही.

एका दुपारी मी भांडी पुसत होते. बाहेर कोणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. पैलवान दारात येऊन उभे राहिले. चेहरा उतरलेला.

"बाई, मी आत्ता हाक मारली."

"बरं."

"दोनदा मारली." त्यांनी उजव्या कानाला हात लावला. "त्यांनी उत्तर दिलं, आणि मला ऐकू आलं नाही का? तुम्ही ऐकलंत?"

मी स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होते. त्यांच्या दोन्ही हाका ऐकल्या होत्या. फडकं खाली ठेवलं.

"नाही," मी म्हणाले. "उत्तर नाही आलं."

"नक्की?"

"नक्की. तुमच्या कानांचा काही दोष नाही."

आम्ही दोघं मागच्या खोलीत गेलो. सिलिंडर चालूच होता. पैलवान खाटेशी वाकले आणि त्यांनी भाऊजींच्या छातीवर तळहात ठेवला, तसाच, दाबून. बराच वेळ ठेवला. मग चावी बंद केली, आणि खोलीत जो एक बारीक आवाज चालू होता, तोही थांबला.